सरळ जायचं म्हणजे खायचं काम नाही!

मंडळी, आधीच एक खुलासा. या लेखात पहिला पाऊस नाही, कॅन्टीनचा कटिंग चहा नाही, आणि 'तो' किंवा 'ती' तर अजिबातच नाही. हा लेख लिनिअर बेअरिंगवर आहे. पान उलटायचं असेल तर हीच वेळ. पुढे कविता आहेत, त्या बऱ्या आहेत असं ऐकलंय.

अजून आहात? मग दुसरा खुलासा. माझी शाळा कॉन्व्हेंट. कॉरिडॉरमध्ये मराठी बोललं की दोन रुपये दंड. त्यामुळे माझं मराठी दोनच ठिकाणी तयार झालं, आजीच्या स्वयंपाकघरात आणि पप्पांच्या वर्कशॉपमध्ये. आजीकडचं मराठी या विषयाला कामाचं नाही, म्हणून वर्कशॉपमधलं वापरते. शुद्धलेखनाचं संपादकांनी बघून घ्यावं.

तर मुद्दा असा की गोल फिरवणं सोपं आहे आणि सरळ नेणं अवघड. पटत नाही ना? कुंभाराच्या चाकापासून मिक्सरपर्यंत माणसानं फिरणाऱ्या वस्तू हव्या तितक्या केल्या. मोटर घ्या, ती फिरतेच. पण एखादी वस्तू इथून तिथे, न डगमगता, न वाकडी होता, एका रेषेत न्यायची म्हटलं की भलेभले घामाघूम! टीओएममध्ये आपण जेम्स वॅटचं स्ट्रेट लाइन मेकॅनिझम आठ मार्कांसाठी पाठ करतो. वॅटनं ते १७८४ साली पेटंटमध्ये मांडलं, कारण पिस्टनचा दांडा सरळ वर-खाली न्यायला लागणारी लांब, सपाट घसरपट्टी तेव्हा चांगली बनतच नव्हती. म्हणून त्यानं दांड्यांची जुळणी करून जवळजवळ सरळ रेषा काढली. जवळजवळ हं, पूर्ण नाही! तरी म्हातारपणी त्यानं मुलाला लिहिलं की आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांत याचाच अभिमान त्याला सगळ्यात जास्त वाटतो. वाफेच्या इंजिनाच्या माणसानं हे म्हणावं! नुसत्या दांड्यांनी पूर्ण सरळ रेषा काढायला १८६४ साल उजाडावं लागलं. ते पोसेलिए साहेबांचं काम, तेही आठ मार्कांचंच.

आता रोबोटकडे येऊ. रोबोट म्हटलं की कार कारखान्यातला तो वाकणारा, वळणारा सहा जॉइंटचा हात डोळ्यांसमोर येतो. त्याचे सगळे सांधे फिरणारे. त्याला सरळ रेषेत जायचं असलं तर सहाही मोटरी एकमेकींशी हिशोब जुळवत फिरतात, म्हणजे सरळपणा गणितातून येतो. पण आपल्या लॅबमधला थ्रीडी प्रिंटर, औषधांच्या प्रयोगशाळेत थेंब मोजून टाकणारी यंत्रं, गोदामातले गॅन्ट्री, यांना सरळपणा लोखंडातून मिळतो. तो कारखान्यातला मोठा हातसुद्धा पुष्कळदा लांबलचक रेलवर बसवलेला असतो, त्या रेलला सातवा अ‍ॅक्सिस म्हणतात. आणि या सगळ्यांच्या पोटात लिनिअर बेअरिंग असतं.

आमच्या क्लबच्या डब्यात सगळ्यात जास्त सापडणारं म्हणजे एलएम८यूयू. आत ८ मिलिमीटरचा शाफ्ट जातो, बाहेरून व्यास १५, लांबी २४. अंगठ्याच्या पेराएवढा ऐवज. आत डोकावलं की चार रांगांत बारीक बॉल दिसतात. इथेच गंमत आहे. गोल फिरणाऱ्या बेअरिंगमधले बॉल फिरत राहतात, त्यांचा रस्ता कधी संपत नाही. पण सरळ जाणाऱ्या वस्तूखालचे बॉल मागे राहून जाणार, नाही का? पूर्वी मोठे दगड ओंडक्यांवरून ओढून न्यायचे, त्याची चित्रं इतिहासाच्या पुस्तकात असायची. त्यात एक बिचारा माणूस मागे सुटलेला ओंडका उचलून पळत पळत पुढे आणून ठेवतो. बेअरिंगमध्ये त्या माणसाचं काम एक परतीची गल्ली करते. भार घेणारे बॉल शाफ्टवरून लोळत टोकाला जातात, वळतात, शेजारच्या गल्लीतून भाराशिवाय परत येतात आणि पुन्हा रांगेत लागतात. आपल्या मेसच्या ताटांसारखं! पुढून जेवायला, मागच्या खिडकीतून धुवायला, परत पुढे. (ताटं बॉलइतकी स्वच्छ असतात का, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मेस कमिटीनं लेख लिहावा.)

या प्रकारचं बेअरिंग १९४०च्या दशकात अमेरिकेत थॉमसन कंपनीनं रूढ केलं. पुढे १९७२ साली जपानच्या टीएचकेनं एलएम गाइड आणला. त्यात गोल शाफ्टऐवजी रेल असते आणि रेलला बॉलच्या मापाच्या खोबणी असतात. गोल शाफ्टवर बॉल जेमतेम एका बिंदूत टेकतो. खोबणीत तो ऐसपैस बसतो, म्हणून तेवढ्याच बॉलवर कितीतरी जास्त भार टाकता येतो. सीएनसी मशीनमध्ये आज हेच असतं.

थिअरी पुरे. आता आमचा आर्म.

आमच्या क्लबला मागच्या बॅचकडून एक लिफ्ट वारशात मिळाली. दोन उभे शाफ्ट, त्यांवर सरकणारा कॅरेज, आणि कॅरेजमधून पुढे ३०० मिलिमीटर आलेला हात. वर ओढायला दोरी आणि विंच, खाली यायला गुरुत्वाकर्षण. उंची गाठणं हे तसं रोबोकॉनवाल्यांचं जुनं वेड. २००८ साली एबीयू रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली तेव्हा थीमच दहीहंडीची होती! आमच्या सीनियर्सची लिफ्टही हंडीपर्यंत पोचायची, मोटर रडत रडत का होईना. पण एकदा वर गेली की खाली येईना! भर स्पर्धेत हात वर तसाच, विंचमधून दोरी सैल होऊन लोंबतेय, आणि आमचा तेव्हाचा कॅप्टन खालून टाळ्या वाजवून त्याला बोलावतोय, हा व्हिडिओ हॉस्टेलमध्ये सगळ्यांकडे आहे.

हे का झालं ते ड्रॉवर वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्या रूममधल्या टेबलाचा ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो. तेच गणित. कॅरेजमध्ये वर-खाली दोन बुश, त्यांच्यात अंतर १०० मिलिमीटर. वजन ३०० मिलिमीटर पुढे. म्हणजे प्रत्येक बुश शाफ्टवर वजनाच्या तिप्पट जोरानं दाबला जातो. घर्षणाचा गुणांक पाव धरला तर दोन्ही बुशांचं मिळून घर्षण वजनाच्या दीडपट! वर नेताना मोटरला अडीचपट ओढावं लागतं. खाली येताना वजन एकपट आणि त्याला अडवणारं घर्षण दीडपट, मग ते कशाला येतंय खाली? कागदावर मांडलं तर चार ओळी होतात. साध्या बुशवर हे अंतरांचं गुणोत्तर दोनच्या वर जाऊ देऊ नये, असा नियमच आहे, तो याच चार ओळींतून निघतो.

बॉलवाल्या बेअरिंगमध्ये हा गुणांक ०.००३ च्या आसपास येतो. म्हणजे दोनच्या जागी गुणोत्तर दीडशेच्या वर गेलं तरी अडकायला नको. आम्ही चार बेअरिंगं आणली, दोन डाव्या शाफ्टवर, दोन उजव्या. शाफ्ट मात्र हार्ड केलेला घ्यावा लागतो. साध्या ब्राइट बारवर बॉल काही दिवसांत रांगोळी काढून ठेवतात. झालं, सगळं जोडलं, आणि कॅरेज वरच्या अर्ध्यात लोण्यासारखं सरकलं! खालच्या अर्ध्यात आलं की मात्र हाताने ढकलावं लागायचं. वजन काढलं तरी तेच.

आमच्या रूमवर यावर तीन रात्री चर्चासत्र झालं. कोणी म्हणे ग्रीस, कोणी म्हणे बेअरिंग डुप्लिकेट. याच काळात एका फर्स्ट इयरच्या उत्साही बाळानं दुसऱ्या एका मिनिएचर रेलचा ब्लॉक 'आत काय आहे बघू' म्हणत रेलवरून बाहेर सरकवला. आत काय आहे ते आम्ही नंतर दोन तास टॉर्च घेऊन कॉटखाली बघत होतो. वरची आणि खालची प्लेट आमच्या कॅप्टनने व्हर्निअरने मोजली. शाफ्टांमधलं अंतर वर १२० आणि खाली १२०.३. हँड ड्रिलवर याहून बरं सहसा येत नाही. पण बेअरिंगला शाफ्टवर मोकळीक असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तीन दशांश म्हणजे त्याच्या दृष्टीनं दरीच!

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी तो सांगाडा साडीच्या पिशव्यांत गुंडाळून एसटीनं कोल्हापूरला नेला. कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट काढायची धमकी दिली ते असो.

पप्पांचं वर्कशॉप उद्यमनगरात आहे. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, तिथे गल्लोगल्ली लेथ, फाउंड्री, पॅटर्नवाले. पप्पांचं काम जुन्या लेथ आणि मिलिंग मशीन पुन्हा नव्यासारख्या करून द्यायचं. आणि पप्पांकडे मिस्त्रीकाका आहेत, माझ्या जन्माआधीपासून. त्यांनी सांगाडा बेंचवर उभा केला, कॅरेज दोन वेळा वर-खाली केलं.

"हे काय म्हणायचं गं?"

"रोबोटचा हात आहे, काका."

"हात व्हय? मग ह्याला लकवा मारलाय."

व्हर्निअर त्यांनी मागितलंच नाही. उजव्या शाफ्टच्या खालच्या टोकाला अंगठा लावून कॅरेज सरकवलं, आणि म्हणाले, "दोन्ही शाफ्टास्नी गच्च धरलंय बघ. दोघं बी शानी. एक म्हणतंय असं जाऊ, दुसरं म्हणतंय तसं. एकाला मोकळं सोड." मग लेथकडे बोट केलं. "तिचा बेड बघ. पुढची वाट व्ही हाय, मागची सपाट. कशापायी? रस्ता व्हीनं दावायचा. सपाटीनं नुसतं वजन घ्यायचं. दोन व्ही केल्या आन् केसभर चुकल्या, की गाडी आडली."

लेथचं चित्र आपल्यातल्या प्रत्येकानं फर्स्ट इयरच्या जर्नलमध्ये काढलंय, बाण काढून नावंही घातलीत. एक बाजू व्ही आणि एक फ्लॅट का, हा प्रश्न व्हायव्हात कुणाला आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग मी बेंचवर बसून हिशोब केला. हवेतल्या वस्तूला सहा हालचाली, तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. आपल्याला एकच हवी, म्हणजे पाच बंद करायच्या. डाव्या शाफ्टवर दोन बेअरिंगं बसली की चार बंद होतात. उरतात दोन: वर-खाली सरकणं, आणि शाफ्टभोवती दारासारखं फिरणं. ते फिरणं उजवीकडच्या एका बेअरिंगनं थांबवायचं. संपलं. चौथ्याला काम नाही, ते फक्त भांडायला उरतं. मिस्त्रीकाकांनी चौथं काढून माझ्या हातात दिलं आणि तिसऱ्याच्या होल्डरची भोकं गोल कानशीनं आडवी लांबट केली, म्हणजे त्याला डावी-उजवीकडे मिलिमीटरभर हलता येईल. दहा मिनिटं. कॅरेज वरून सोडलं ते खाली येऊन टक्कन आपटलं! मी ओरडलेच. वर्कशॉपमधल्या पोरांनी काम थांबवून बघितलं.

यात फुकट काही नाही, हेही सांगायला हवं. वजन ४ किलो, म्हणजे सुमारे ४० न्यूटन. आता सगळं डाव्या जोडीवर, म्हणजे प्रत्येक बेअरिंगवर १२० न्यूटन. चारही असती आणि भार सारखा वाटला गेला असता तर ६० आले असते. भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचं आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं, कारण सूत्रात घन आहे. एलएम८यूयूची क्षमता कॅटलॉगमध्ये साधारण २७० न्यूटन आणि ती ५० किलोमीटरच्या प्रवासासाठी दिलेली असते. मांडलं तर आमचं आयुष्य सुमारे ५७० किलोमीटर येतं. आर्म एका फेरीत १.२ मीटर जातो. म्हणजे पावणेपाच लाख फेऱ्या. स्पर्धेत पन्नाससुद्धा होत नाहीत. कारखान्यात हे परवडणार नाही, तिथे चारही बेअरिंगं ठेवायची आणि पायाच इतका नेमका करायचा की ती भांडणार नाहीत. आणि तो पाया कोण करणार? तर हेच मिस्त्रीकाका.

त्यांचं खरं काम स्क्रेपिंग. झिजलेल्या लेथच्या बेडवर ब्लू लावलेली सपाट प्लेट फिरवायची. जिथे निळा ठिपका उठेल तो उंचवटा. तो स्क्रेपरनं खरवडायचा, अगदी काही मायक्रॉन. पुसायचं, पुन्हा ब्लू, पुन्हा खरवडायचं. इंचभर चौकोनात वीस-पंचवीस ठिपके सारखे पसरले की बेड झाला. मधल्या खळग्यांत तेल राहतं. मी विचारलं, पण ज्या प्लेटनं तपासता ती सपाट कशावरून? ते हसले. मागच्या खोलीत तीन बिडाच्या प्लेटी आहेत. दोनच एकमेकींवर घासल्या तर एक वाटीसारखी आणि दुसरी तिच्यात बसणारी फुगीर होऊ शकते, आणि दोघी छान जुळतात! तिसरी आणली की चोरी पकडली जाते. तिघी जोडीजोडीनं जुळल्या तरच तिघी सपाट. लायब्ररीत नंतर वाचलं की व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोला खऱ्या सपाट पृष्ठभागावर निबंध वाचला होता, आणि तीन प्लेटींची पद्धत इंग्रजी पुस्तकांत त्याच्याच नावावर दिलेली असते. मिस्त्रीकाकांना व्हिटवर्थ माहीत नाही. त्यांना त्यांच्या उस्तादांनी दाखवलं.

एलएम गाइडमुळे हे काम गेलं, असं पप्पा म्हणतात, आणि हिशोबानं ते बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच कर्ज काढून व्हीएमसी घेतलं. त्याची रेल झिजली तर नवी रेल, नवे ब्लॉक बोल्टनं बसवायचे. पूर्वी वर्षाला दहा-बारा लेथ स्क्रेपिंगला यायच्या, गेल्या वर्षी दोन आल्या. पण रेल ही काही जादूची कांडी नाही, ती ज्यावर बोल्ट करता त्याचाच आकार घेते. वाकड्या बेडवर बसवली तर वाकडीच चालते, फक्त कमी आवाज करून. म्हणून उंची मशीन बनवणारे काही कारखाने आजही रेलखालची जागा हातानं स्क्रेप करून घेतात. तसा कारखाना उद्यमनगरात नाही, ही अडचण.

मिस्त्रीकाका आता त्रेसष्टचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांचा मुलगा पुण्यात आयटी सपोर्टला आहे, चांगला आहे, पैसे पाठवतो. त्यांच्यानंतर स्क्रेपर धरणारं कुणी नाही. पप्पांना मागची खोली पाडून तिथे दुसरं व्हीएमसी बसवायचंय, किंवा सगळीच जागा द्यायचीय. भाऊबीजेच्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "तू परत येणार आहेस का इकडे? तसं असलं तर थांबतो. नाहीतर गिऱ्हाईक आलंय." मम्मी म्हणाली, जेवू दे तिला. पुढच्या वर्षी आपल्याकडे कंपन्या येतील, बहुतेक सॉफ्टवेअरच्या, आणि मेकॅनिकलची पोरं-पोरी अ‍ॅप्टिट्यूडची पुस्तकं घेऊन बसतील. मीही घेतलंय एक. आमच्या ब्रँचला आम्ही चौघी मुली, त्यातल्या दोघींचं ठरलंसुद्धा. पप्पांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलेलं नाही, आणि ते जास्त त्रास देतं.

सुट्टीचे उरलेले सहा दिवस मी मागच्या खोलीत होते. मिस्त्रीकाकांनी वीतभर मापाचे बिडाचे तीन तुकडे दिले, रंधून आणलेले. पहिले दोन दिवस नुसता स्क्रेपर धरायला गेले. हातानं ढकलायचा नसतो तो, कमरेनं ढकलायचा. तिसऱ्या दिवशी कमरेला काळं-निळं, नखांत ब्लू. (फराळाच्या ताटाशी आजीनं हात बघून जे मराठी ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.) सहाव्या दिवशी पहिल्या दोघी जुळल्या. इंचाला आठ ठिपके. मिस्त्रीकाकांनी चष्मा कपाळावर चढवून, चांगला डोळा प्लेटीजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "पाट म्हनून चालंल." तिसरी राहिलीय. ती त्यांनी कापडात गुंडाळून, तेल लावून, वरच्या फळीवर ठेवलीय, माझं नाव खडूनं लिहून.

आता ज्युनिअर्ससाठी सूचना. आर्म लॅबमधल्या खिडकीजवळच्या कपाटात आहे. उजव्या बाजूचं बेअरिंग हलतंय म्हणून कृपया त्याचे स्क्रू आवळू नका, ते हलण्यासाठीच आहे. शाफ्ट महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्यानं पुसा, पावसाळ्यात आठवड्याला. चौथं बेअरिंग वरच्या कप्प्यात काजूकतलीच्या डब्यात स्पेअर ठेवलंय. आणि मिनिएचर रेलवरून ब्लॉक बाहेर काढायचाच असेल तर खाली ट्रे धरा. आमच्या रूममध्ये अजून अकरा बॉल सापडायचे आहेत.